झॉम्बीतली दालचिनी: टिकी बार कसे बुडाले, कसे परतले

टिकी बार म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या थाटात सजवलेला अमेरिकन धाटणीचा बार. तिथली रम कॅरिबियन बेटांची. खाणं कँटनच्या चिनी स्वयंपाकघरातलं. पेले भरणारे हात बहुतेक वेळा फिलिपिन्समधून आलेल्यांचे. मालक अमेरिकन. आणि दारात, भिंतींवर, पेल्यांवर दिसणारे कोरीव चेहरे प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियाचे, किंवा निदान तसे वाटावेत असे. म्हणजे ज्या बेटांच्या नावाने हा थाट उभा राहिला, त्या बेटांचा वाटा त्यात सगळ्यात कमी. ही गोष्ट आधी लक्षात घेतली की पुढचं सोपं जातं. टिकी बार ही कुठल्या देशाची परंपरा नव्हे. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात एका माणसाने ती जुळवली. पुढे तिचे सुटे भाग एकेक करून निकामी झाले, आणि पंचवीस-तीस वर्षांनी काही चिकाटीच्या लोकांनी ते एकेक करून दुरुस्त केले.

तो माणूस अर्नेस्ट गँट. तरुणपणी कॅरिबियन आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांवर भटकून तो लॉस एंजेलिसला आला. ५ डिसेंबर १९३३ रोजी अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि त्याच सुमारास त्याने हॉलिवूडमध्ये एक छोटा बार उघडला. तोच पुढे 'डॉन द बीचकोमर' म्हणून गाजला, आणि मालकाने स्वतःचं नावही बदलून डॉन बीच करून घेतलं. त्याने रम निवडली यात स्वप्नाळूपणापेक्षा हिशोब जास्त होता. व्हिस्की मुरायला वर्षं लागतात आणि बंदीच्या काळात अमेरिकेत ती फारशी मुरतच नव्हती. कॅरिबियन बेटांवर मात्र रम पिंपांतून पडून होती, जुनी, उत्तम आणि स्वस्त.

पेल्यात नेमकं काय असतं

टिकी पेयाचं मूळ 'पंच'. या शब्दाशी आपलं नातं जुनं आहे. १६७०च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर फिरलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराने लिहून ठेवलंय की नेरूलला गोव्याकडची सर्वांत चांगली आरक मिळते, आणि किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून 'पाँच' नावाचं पेय करतात, कारण त्यात पाच जिन्नस असतात. शब्दाची ही व्युत्पत्ती आजही सर्वांत जास्त मानली जाते. दारू, आंबट, गोड, पाणी आणि मसाला अशी ती रचना. जहाजांबरोबर हे पेय जगभर गेलं आणि कॅरिबियनमध्ये आरकेच्या जागी रम आली.

डॉन बीचने या पाचांतल्या प्रत्येकाला फोडलं. आंबटासाठी एकट्या लिंबाऐवजी लिंबू आणि ग्रेपफ्रूट. गोडासाठी साध्या पाकाऐवजी दालचिनीचा पाक, मधाचा पाक, किंवा फालेर्नम, म्हणजे बार्बेडोसचा लवंग, आलं आणि लिंबाच्या सालीचा गोड अर्क. एका रमऐवजी दोन-तीन रमा: प्वेर्तो रिकोची हलकी, जमैकाची उग्र वासाची, गयानातल्या डेमेरारा नदीकाठची धुरकट. वर दोन-चार थेंब कडू अर्क आणि बडीशेपेच्या वासाचं पर्नो. गोड्या मसाल्यात दगडफूल किंवा नागकेशर वेगळं ओळखू येत नाही, पण काढून टाकलं की आमटी फिकी लागते. इथेही तसंच चालतं. सहा थेंब पर्नो कुणाच्या जिभेला कळत नाही. ते नसलं की मात्र पेय नुसतं गोड सरबत होतं.

त्याचं १९३४ सालचं 'झॉम्बी' हे या पद्धतीचं टोक: लिंबाचा रस २२ मिली, 'डॉन्स मिक्स' (याचा उलगडा पुढे) १५ मिली, फालेर्नम १५ मिली, प्वेर्तो रिकोची सोनेरी रम ४५ मिली, मुरलेली जमैकन रम ४५ मिली, ७५.५ टक्के अल्कोहोलची डेमेरारा रम ३० मिली, एक चमचा डाळिंबाचा पाक, अँगोस्टुरा बिटर्सचा एक झटका, पर्नोचे सहा थेंब आणि सुमारे १७० ग्रॅम बर्फाचा चुरा. मिक्सर पाच सेकंदांच्या वर फिरवायचा नाही. यातलं निव्वळ अल्कोहोल मोजलं तर ते आपल्याकडच्या ३० मिलीच्या साडेचार छोट्या पेगांएवढं भरतं. फळाच्या चवीमागे ते लपतं, म्हणून एका गिऱ्हाइकाला दोनच, हा डॉनचा नियम होता.

बर्फाचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी घोटाळा इथेच होतो. चुऱ्याचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे पेय झटक्यात थंड होतं आणि त्याच वेळी त्यात मोजकं पाणी उतरतं. पंचातला चौथा जिन्नस, पाणी, तो हाच. मिक्सर पाचऐवजी तीस सेकंद फिरवला की त्याचा गोळा होतो, पाणी जास्त उतरतं आणि चव बोथट होते. मग ती उचलायला कुणीतरी आणखी साखर घालतं.

खोली आणि ताट

दुसरा भाग खोलीचा. चांगल्या टिकी बारला खिडकी नसते. बाहेर दुपार आहे की रात्र, हे आत कळता कामा नये. दारातून थेट टेबल दिसत नाही. वाट वळते, एखादा लाकडी पूल लागतो, पाण्याचा आवाज येतो, छत अंगावर आल्यासारखं ठेंगणं होतं. तेवढ्या वेळात डोळे अंधाराला सरावतात. दिवे थेट उजेड देत नाहीत. कोळ्यांच्या जाळ्यांचे काचेचे गोळे आणि वाळवून फुगवलेले केंडमासे यांच्या आत रंगीत बल्ब बसवलेले असतात. भिंतींना चटया, बांबू, झापं. झापं आणि चटया म्हणजे सुकं सरपण. त्यांना आगविरोधी लेप द्यावा लागतो, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, आणि वर साचणारी धूळ व तेलकट काजळी काढावी लागते. पुढे या खोल्या कळकट का दिसू लागल्या, याचं बरंचसं उत्तर या खर्चिक साफसफाईत आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलात १९२९चा पोहण्याचा तलाव होता. १९४५ साली एका चित्रपट-नेपथ्यकाराकडून त्याभोवती 'टोंगा रूम' उभारून घेतली. तलाव तसाच ठेवला, वादकांचा ताफा तराफ्यावर बसवला आणि छतातून ठरावीक वेळाने पाऊस पाडायची सोय केली. ती खोली आजही चालू आहे.

ताटाबद्दल थोडक्यात. पॉलिनेशियन म्हणून वाढलं जाई ते मुख्यतः अमेरिकेतल्या कँटनी धाटणीचं: गोडसर बरगड्या, तळलेली कोळंबी, चीज आणि खेकड्याचं सारण भरलेले तळलेले 'क्रॅब रंगून'. हे सगळं मधे शेगडी ठेवलेल्या थाळीतून येई, तिला 'पुपू'. हा एवढा शब्द मात्र खरोखर हवाईचा. चिनी आचारी आणि चिनी भट्ट्या सहज मिळत होत्या, गिऱ्हाइकाला चव ओळखीची होती, आणि तळलेलं, गोड-खारट खाणं रमबरोबर शोभतं. कारणं इतकी सरळ होती.

याला धंद्याचं रूप दिलं ओकलंडच्या व्हिक्टर बर्जरॉनने. १९३४ साली त्याने 'हिंकी डिंक्स' नावाचं साधं खाद्यगृह उघडलं. डॉनचा बार पाहून आल्यावर त्याने सगळं बदललं, आणि नाव ठेवलं 'ट्रेडर व्हिक्स'. १९४४ साली त्याने 'माय ताय' केलं. पहिला घोट घेतलेल्या पाहुण्यांच्या तोंडून निघालेल्या 'फार छान' अशा अर्थाच्या ताहितीयन उद्गारावरून हे नाव पडलं, असं तो सांगे. डॉनच्या मानाने हे पेय मोकळं होतं: जमैकाची सतरा वर्षं मुरलेली रम, लिंबू, संत्र्याच्या सालीचं गोड मद्य क्युरासाओ, बदामाचा पाक आणि खडीसाखरेचा पाक.

मग महायुद्ध संपलं. प्रशांत महासागरातून लाखो सैनिक घरी आले. १९४७ साली नॉर्वेच्या थोर हायरडाल या प्रवाशाचा 'कॉन-टिकी' तराफा पेरूहून निघून १०१ दिवसांनी पॉलिनेशियातल्या प्रवाळबेटाला लागला. १९५९ साली हवाई अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं. या काळात मोटेलं, बोलिंगचे अड्डे, राहत्या इमारतीसुद्धा टिकी थाटात बांधल्या गेल्या. मोठ्या हॉटेल-साखळ्यांनी आपापली पॉलिनेशियन दालनं उघडली. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला १९५६च्या डिसेंबरात 'माय-काय' आणि ओहायोत कोलंबसला १९६१ साली 'कहिकी' ही भव्य उपाहारगृहं उभी राहिली.

बुडाले कशाने

बहुतेक ठिकाणी एकच कारण सांगितलं जातं: पिढी बदलली. ते खरंच आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस दूरचित्रवाणीवर व्हिएतनाममधली जळणारी झापांची घरं रोज दिसत असताना, झापाच्या खोट्या झोपडीत बसून मजा करणं तरुणांना नकोसं झालं. जेट विमानाने खरं हवाई आवाक्यात आलं. १९७०च्या दशकात वोडका आणि झाडांच्या कुंड्यांनी सजवलेले, मोठ्या खिडक्यांचे उजेडी बार लोकांना आवडू लागले. पण आवड बदलली म्हणून सगळं नाहीसं होत नाही. पेय चांगलं राहिलं असतं तर निम्मी गिऱ्हाइकं तरी टिकली असती. पेयच आतून पोखरलं गेलं होतं, आणि त्याचं कारण डॉन बीचच्या स्वतःच्या पद्धतीत होतं.

डॉनने पाककृती सांकेतिक ठेवल्या. बारमागच्या माणसाला बाटलीवर 'स्पायसेस नंबर ४' किंवा 'डॉन्स मिक्स' एवढंच दिसे. आत काय आहे, हे त्यालाही ठाऊक नसे. नोकर पळवला तरी पाककृती जाऊ नये, हा हेतू. हेतू साध्य झाला, पण वेगळ्याच रीतीने. नोकर गेलेच, जागोजागच्या टिकी बारमध्ये लागले, आणि त्यांच्या वहीत 'नंबर ४, अर्धा औंस' (सुमारे १५ मिली) इतकंच लिहिलेलं होतं. नव्या मालकांनी चवीच्या अंदाजाने काहीतरी घातलं. दुसऱ्याने त्याची नक्कल केली. असं चार हातांतून गेल्यावर झॉम्बी म्हणजे हाताला लागेल ती रम आणि अननसाचा रस इतकंच उरलं. आजीने गोड्या मसाल्याचं प्रमाण कुणाला न सांगता डोळे मिटले की घरात जे होतं, ते इथे एका अख्ख्या धंद्याचं झालं.

माय तायची गोष्ट उलटी. ते इतकं खपलं की मूळ रमच संपली. सतरा वर्षं मुरलेला माल वाढवता येत नाही. तो वाढवायला सतरा वर्षं लागतात. व्हिक आधी कमी वयाच्या रमेवर आला, मग वेगवेगळ्या रमांच्या मिश्रणावर. १९५३ साली तो हे पेय हवाईच्या हॉटेलांत घेऊन गेला, आणि तिथे त्यात अननसाचा रस शिरला. पर्यटकांनी तीच चव खरी मानून घरी नेली.

त्यात पैशाचं गणित बिघडलं. एका पेयात आठ ते दहा जिन्नस, लिंबं रोज ताजी पिळायची, पाक आठवड्याला नवे करायचे. जिथे वोडका आणि टॉनिक ओतायला पंधरा सेकंद लागतात, तिथे हे पेय तीन-चार मिनिटं खातं. खर्च वाचवायला बाटलीतलं आंबट-गोड मिश्रण आलं, डब्यातला रस आला. लिंबाचा रस त्याच दिवशीचा नसेल तर तो कडवट आणि मळकट लागतो. बाटलीतल्या मिश्रणात तर तो नावालाच असतो. गोडी वाढली, रंग भडक झाला, आणि 'टिकी पेय म्हणजे डोकं दुखवणारं लाल सरबत' अशी समजूत घट्ट झाली. ती त्या काळापुरती योग्यच होती.

शेवटचा घाव जमिनीचा. यातली बरीच उपाहारगृहं मोठ्या जागेवर, मोठ्या वाहनतळासह, शहरांच्या कडेला उभी होती. शहरं वाढली तशी जमीन धंद्यापेक्षा महाग झाली. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलातलं ट्रेडर व्हिक्स बंद करायचं तेव्हाचे मालक डॉनल्ड ट्रम्प यांनी १९८९ साली ठरवलं. डॉन बीचही त्याच वर्षी गेला. सर्वांत जिव्हारी लागणारं उदाहरण कहिकीचं. उंच निमुळत्या छपराची ती वास्तू राष्ट्रीय वारसा नोंदवहीत होती, तरी २००० साली पाडली गेली आणि तिथे औषधांचं दुकान झालं. अमेरिकेतली ही नोंद मान देते, पण खाजगी मालकाला स्वतःच्या पैशाने पाडकाम करण्यापासून अडवत नाही. वारसा यादीत नाव गेलं म्हणजे वास्तू वाचली, असं समजणाऱ्यांनी कहिकी ध्यानात ठेवावी.

'नंबर ४'चा शोध

पुनरुज्जीवन आधी कागदावर झालं, बार नंतर आले. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात काही लोक जुने मग, काड्यापेट्या, मेनूकार्डं गोळा करत होते. त्यांच्यातला जेफ बेरी पेयांच्या मागे लागला. त्याने म्हाताऱ्या बारवाल्यांना गाठलं. यातले बरेच फिलिपिनो होते. फिलिपिन्स १९४६ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं आणि तिथून आलेल्या तरुणांना अशाच नोकऱ्या मिळत. डॉनचं खरं ज्ञान या माणसांच्या हातांत टिकलं होतं, आणि त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नव्हतं. त्यांच्यातल्याच रे ब्यूहेनने १९६१ साली लॉस एंजेलिसला 'टिकी-टी' हा बारा-पंधरा माणसांचा बार उघडला होता. तो पडत्या काळातही घरच्यांनी चालू ठेवला. माय-कायमध्ये डॉनच्या शिकागो शाखेतून आलेल्या मारियानो लिकुडिनने पाककृती जपल्या होत्या.

बेरीला डॉनच्या एका जुन्या नोकराची १९३७ सालची खिशातली वही त्याच्या मुलीकडून मिळाली. त्यात झॉम्बी होतं, पण अर्धा औंस 'डॉन्स मिक्स' म्हणजे काय, हे नव्हतं. दुसऱ्या एका नोंदीतून कळलं: दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस, एक भाग 'स्पायसेस नंबर ४'. मग नंबर ४ म्हणजे काय? डॉनला हे मसाले पुरवणाऱ्या कंपनीतल्या माणसापर्यंत धागा गेला, तेव्हा उत्तर मिळालं: दालचिनीचा पाक. २००७ साली बेरीने पूर्ण पाककृती छापली. म्हणजे एका झॉम्बीत फक्त पाच मिली दालचिनीचा पाक, आणि तेवढ्यासाठी अनेक वर्षं शोध. तो घालून पाहिल्यावरच कळतं की ग्रेपफ्रूटचा कडवटपणा, लवंग आणि तीन रमा यांना एकत्र बांधणारी गाठ तीच आहे.

पाककृती उघड झाल्यावर बार उघडले. मार्टिन केटने २००९च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत 'स्मगलर्स कोव्ह' सुरू केला. त्याने रमेची विभागणी रंगावरून करणं सोडलं. 'गडद रम' या शब्दाला अर्थ नाही, कारण रंग कॅरॅमलनेही येतो. ती उसाच्या रसाची आहे की मळीची, भांड्यात ऊर्ध्वपातन केलेली की स्तंभात, किती वर्षं मुरलेली, हे पाहायचं. २०१३ साली शिकागोत 'थ्री डॉट्स अँड अ डॅश' आला, २०१४ साली खुद्द बेरीने न्यू ऑर्लिन्सला 'लॅटिट्यूड २९' उघडला. नव्यांनी जुन्या चुका टाळल्या त्या अशा: पाककृती छापून टाकल्या. जागा छोट्या घेतल्या. जे जिन्नस थेंबाथेंबाने लागतात ते दुपारीच प्रमाणात एकत्र करून ठेवले, म्हणजे संध्याकाळी दहा बाटल्यांऐवजी पाच उचलाव्या लागतात.

मोठ्या जुन्या वास्तूंची फिकीर मात्र संपलेली नाही. २०२०च्या ऑक्टोबरात जोराच्या पावसात माय-कायच्या स्वयंपाकघराचं छप्पर कोसळलं. नवे भागीदार आले, आणि २०२४च्या नोव्हेंबरात चार वर्षांनी दारं पुन्हा उघडली. लंडनचं १९६३ सालचं ट्रेडर व्हिक्स मात्र २०२२च्या शेवटी बंद झालं.

एका भागाची दुरुस्ती अजून कुणाला नीट जमलेली नाही: चेहऱ्यांची. माओरी लोकांत टिकी हा आदिपुरुष. मार्केसास बेटांवर टिकी म्हणजे पूर्वजांच्या कोरीव मूर्ती. रापा नुईचे (ईस्टर बेटाचे) दगडी मोआई वेगळे, हवाईचे कीई वेगळे. बारमध्ये ते सगळे एकाच शेल्फवर रमेचे मग होऊन बसतात. देव्हाऱ्यातल्या टाकांचे, खंडोबाच्या मुखवट्याचे पेले करून कुणी परदेशात दारू वाढली तर आपल्याला काय वाटेल, हे सांगायला नको. आणि हे चालू होतं त्याच वर्षांत, १९४६ ते १९५८, त्याच महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिका अणुचाचण्या करत होती. काही नव्या बारांनी 'टिकी' शब्द सोडून 'ट्रॉपिकल' घेतला. कोरीव चेहऱ्यांऐवजी मासे, पिंपं आणि शंख असे मग घडवून घेतले. पाककृतींचं यात काही बिघडत नाही. त्या कॅरिबियनच्या होत्या.

घरी माय ताय करायचं तर

आधी बदामाचा पाक. २०० ग्रॅम बदाम चार तास भिजवून सोला, ४०० मिली पाण्यात बारीक वाटा आणि पंच्यातून घट्ट पिळा. दूध मोजा, तेवढ्याच वजनाची साखर घाला, मंद आचेवर विरघळेपर्यंतच ठेवा. उकळी आली की बदामाचं तेल सुटतं आणि मग ते पुन्हा एकजीव होत नाही. गार झाल्यावर संत्र्याच्या फुलांच्या अर्काचे थोडे थेंब. तो नसेल तर गुलाबपाणी चालेल, पण निम्मंच, नाहीतर सरबताचा वास येतो. फ्रिजमध्ये दहा दिवस टिकतो.

एका पेल्याला रम ६० मिली, क्युरासाओ १५, बदामाचा पाक ७, खडीसाखरेचा पाक ७. लिंबाचा रस मूळ कृतीत एका मोठ्या लिंबाचा, सुमारे ३० मिली. अमेरिकेतलं ते लिंबू बिनबियांचं आणि सौम्य. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट, म्हणून २२ मिलीपासून सुरुवात करा. रम जमैकाची, मुरलेली असेल तर उत्तम. आपल्याकडची नेहमीची काळी रम व्हॅनिलाच्या अंगाची असते. ती घातली तर खडीसाखरेचा पाक पूर्ण गाळा.

बर्फ पंच्यात बांधून बत्त्याने फोडा, मटाराएवढा ठेवा, पीठ करू नका. सगळं झाकणाच्या भांड्यात दहा सेकंद जोरात हलवून बर्फासकट पेल्यात ओता. पिळलेल्या लिंबाची एक कवड वर पालथी ठेवा आणि पुदिन्याची डहाळी तळहातावर एकदा आपटून तिच्या शेजारी खोचा, नाकाजवळ येईल अशी. बदामाचा पाक बाटलीत थरावतो, तेव्हा दर वेळी बाटली हलवूनच घ्या. वरचा थर तसाच ओतला तर पेय तेलकट होतं, आणि तळाला उरलेल्या साखरेने पुढचा पेला गोडमिट्ट.